सहा कूलर, चार वाद्यं

रविवारी दुपारी चार वाजता उस्मानपुऱ्यातल्या प्रज्ञा वाचनालयाच्या जिन्यानं सहा कूलर वर चढले. घरगुती नव्हेत, लग्नाच्या मांडवात लावतात ते. पत्र्याचे, माणसाच्या छातीएवढे, चालू केले की शेजारच्याशी बोलायला तोंड कानाला लावावं लागतं असले. मंडपवाल्या बद्रीनाथनं दोनदा सांगून बघितलं होतं की साहेब, हॉल केवढा, माणसं केवढी, दोन लावले तरी लोक शाली मागतील. पण बुद्धभूषण दाभाडे कालवा विभागात तीस वर्षं घालवलेला माणूस. एकदा आकडा तोंडातून गेला की गेला. सहा म्हणजे सहा.

त्याची बायको रत्नमाला खुर्च्या पुसत होती. तिनं कूलरांची रांग बघितली, नवऱ्याकडं बघितलं आणि फडकं झटकत म्हणाली की चार दिवस पोरीशी भांडताय आणि आज तिच्या पाहुण्यांना गारवा देताय, तुमचं पोटात एक आणि ओठात एक असतंय. बुद्धभूषणनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती, एवढी कला त्याला जमली होती.

भांडण कशाचं ते आता सगळ्या नात्यागोत्यात ठाऊक झालं होतं. करुणा, त्याची एकुलती लेक, सव्विसाव्या वर्षी लिपिकाची परीक्षा पास झाली होती. ऑर्डर आली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. त्याच आठवड्यात पुण्यातल्या एका संस्थेनं तिला आणि तिच्या तीन सोबत्यांना वर्षभर तिथं राहून वाजवायला बोलावलं. तेही सोमवारपासूनच. आता एका पोरीनं एका सोमवारी किती ठिकाणी जायचं?

तात्यासाहेबांचं मत सरळ होतं. तात्यासाहेब म्हणजे बुद्धभूषणच्या थोरल्या बहिणीचे, भामाअक्काचे यजमान. शिक्षण खात्यातून निवृत्त. दाभाड्यांच्या गोतावळ्यात सरकारी पगार पहिल्यांदा आणला तो त्यांनी. डिप्लोमाची दोन वर्षं बुद्धभूषण त्यांच्याच खोलीत राहून शिकला होता, त्यांच्याच ताटात जेवला होता. असा माणूस समोर बसून बोलायला लागला की उलट बोलवत नाही. गुरुवारी संध्याकाळी ते घरी आले, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि करुणाला म्हणाले, "बाळ, ही ऑर्डर एकट्या तुझी नाही. तुझ्यामागं किती जण रांगेत आहेत ते बघ. आणि आपण वाजवणं सोडून इथपर्यंत आलो. तू परत तिथंच निघालीस."

खोटं काय होतं त्यात? बुद्धभूषणचे वडील, कडुबा, पन्नास वर्षं ब्रास बँड चालवायचे. स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे. पैठणपासून सिल्लोडपर्यंत एक लग्नसराई त्यांच्यावाचून गेली नाही, आणि एकाही लग्नात त्यांना पहिल्या पंगतीला कुणी बसवलं नाही. वाजवणारा उभा, पाहुणा बसलेला. लोक नाचायचे, जेवायचे, मानपानावरून भांडायचे आणि बँड आपला वाजत असायचा. म्हणूनच त्या गुरुवारी बुद्धभूषण लेकीला म्हणाला होता, "वाजवणाऱ्याचं कोणी ऐकत नसतंय, करुणा. वाजलं पाहिजे म्हणून वाजवून घेतात."

करुणानं वाद घातला नाही. रविवारी तिचा इथं कार्यक्रम ठरलेलाच होता. ती म्हणाली, संगीतातली माणसं बोलवू नका, आपलीच बोलवा. पाहुणे, तुमच्या ऑफिसातले, गल्लीतले. त्यांतले निम्मे जरी शेवटपर्यंत बसले तर मी पुण्याला जाणार. उठून गेले तर सोमवारी कचेरीत. बुद्धभूषणनं व्हय म्हणून टाकलं. मोजायचं काम त्यानं स्वतःकडं घेतलं आणि तात्यासाहेबांनी मान डोलावली. आणि शुक्रवारी सकाळी हा गडी कुणाला न सांगता बद्रीनाथच्या गोडाऊनला गेला आणि सहा कूलर सांगून आला. कशासाठी, ते त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मे महिना होता, आठवडाभर पारा बेचाळिसाच्या खाली आला नव्हता, पाहुण्यांना त्रास नको. एवढंच तो स्वतःशी म्हणत होता.

पाचच्या सुमाराला चौघं आली. पुढं सायली, अंगानं एवढीशी, पण पहिलं व्हायोलिन तिचं आणि बाकीचे तिघं तिच्या भुवईवर चालतात. तिच्यामागं सत्यम, दुसरं व्हायोलिन. याच्या वडलांचं गुलमंडीत कापडाचं दुकान, आणि हा माडीवरच्या गोदामात ताग्यांच्या मधे उभा राहून रियाज करतो, कारण कापड आवाज पिऊन टाकतं आणि आपली चूक आपल्याला नागडी ऐकू येते म्हणे. मग दिपाली. तिचा व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, जरा मोठी, जरा घोगरी. दिपालीचे वडील त्रिंबक फुलंब्रीकडं मेंढरं राखतात, आणि वर्गणी काढून धनगरवाड्यानं पोरीला पहिलं वाद्य घेऊन दिलं होतं. सगळ्यांच्या शेवटी, पाठीवर माणसाएवढी पेटी घेऊन, जिना चढताना पेटीचा कोपरा कुठं लागू नये म्हणून आडवी आडवी होत करुणा. तिचं वाद्य चेलो. बसून, गुडघ्यांत धरून वाजवायचं.

हे चौघं तीन दिवस बुद्धभूषणच्या घरी तालीम करत होते. तो पलीकडच्या खोलीत दार लावून पेपर वाचत बसायचा. म्हणजे वाचल्यासारखं करायचा. शनिवारी त्यानं घड्याळ लावून बघितलं, एवढ्याशा एका जागेवर, ज्याला गाणं म्हणता येणार नाही एवढ्याशा तुकड्यावर, ती चौघं चाळीस मिनिटं अडून होती. सत्यम म्हणायचा आपण उशिरा सोडतोय, दिपाली म्हणायची सोडतच नाही, ओढतोय. पुन्हा वाजवायचे, पुन्हा थांबायचे. चाळीस मिनिटांत एकदाही कुणी चालतंय म्हटलं नाही. बुद्धभूषणनं आख्खी नोकरी चालतंय म्हणणाऱ्या माणसांत काढली होती. त्या दारापलीकडच्या पोरांचं त्याला कौतुक वाटलं, लई वाटलं, आणि ते त्यानं कुणालाही कळू दिलं नाही.

बद्रीनाथनं कूलर चालू करून दाखवले. वारा असा आला की चौघांच्या स्टँडवरचे कागद उडून खिडकीला जाऊन चिकटले. ते गोळा करून, चिमटे लावून त्यांनी दोन मिनिटं वाजवून बघितलं. कमानी, म्हणजे तारांवर फिरवायचे गज, हलताना दिसत होत्या. बाकी काही नाही.

करुणा वडलांकडं आली. तिनं हळू आवाजात सांगितलं की हे वाजवणं माइकवर होत नाही, खोलीत बसून ऐकायचं असतं, आम्हालाच एकमेकांचं ऐकू येईना, सुरू करताना कूलर बंद करा. बद्रीनाथ मधे पडला. माइकची काळजी कशाला, दोन मोठे बॉक्स लावून देतो, ताई, क्रांती चौकात ऐकू जाईल असा आवाज काढतो. सायलीनं त्याला हात जोडले. बुद्धभूषण म्हणाला की अक्काला बीपी आहे, म्हातारीकोतारी येणार आहेत, गच्चीखालचा हॉल आहे, कूलर बंद केले तर दहा मिनिटांत माणसं जिना उतरतील. मग म्हणू नको. करुणानं त्याच्याकडं नीट बघितलं आणि बरं म्हणून ती परत गेली. ती बरं म्हणाली की काहीच बरं नसतं हे त्याला तिच्या चौथीपासून माहीत होतं.

साडेसहाला माणसं आली. जयभीम, जयभीम करत भामाअक्का आली, तात्यासाहेब आले, ऑफिसातले आले, गल्लीतल्या बाया आल्या. कडुबा आले ते पांढरा सदरा, डोक्याला पटका आणि हातात काठी घेऊन. एक्क्याऐंशी वर्षांचा म्हातारा, दात गेले तसं क्लॅरिनेट सुटलं, पण कान शाबूत. दुसऱ्या रांगेत कडेला बसले. बुद्धभूषण सगळ्यात मागं, स्विचबोर्डाशेजारी उभा राहिला. तिथून सगळी डोकी दिसत होती. त्यानं मोजली. त्र्याहत्तर.

सायलीनं उठून दोन शब्द सांगितले. परदेशातल्या एका माणसानं दोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे, चार भाग आहेत, पाऊण तास लागेल, मधे टाळ्या वाजवल्या तरी आमची ना नाही. हे तिला ओरडून सांगावं लागलं. मग ती बसली, चौघांनी एकमेकांकडं बघितलं आणि कमानी टेकल्या.

आता त्या पहिल्या भागाबद्दल काय सांगावं? सगळ्यांना तो दिसला, ऐकू आला नाही. कूलरचा घरघराट एवढा की मधूनच व्हायोलिनची एखादी बारीक रेघ कानाला लागायची आणि पुसून जायची. लोक मात्र खूश होते. बाहेर अंगाची लाही, इथं पदर उडतायत, कोण उठतंय? मागच्या रांगेत ऑफिसातल्या दोघांनी बदल्यांचा विषय काढला. बायांनी एकमेकींच्या बांगड्या बघितल्या. सत्यमच्या वडलांना डुलकी लागली. बुद्धभूषणनं पुन्हा मोजलं. त्र्याहत्तर. एकही जागचा हलला नव्हता. आपली पोरगी जिंकणार हे त्याला दिसत होतं, आणि तरी त्याची नजर सारखी स्विचबोर्डाकडं जात होती.

पहिला भाग संपला. टाळ्या झाल्या, मांडवात हार घातल्यावर होतात तशा. तात्यासाहेब रांगेतून उठून मागं आले आणि त्याच्या कानाशी लागले. ते चिडले नव्हते, हसत होते. "बुद्धभूषण, या हवेत माझी म्हैससुद्धा शेवटपर्यंत बसंल. याला आपण ऐकणं म्हणायचं का?"

त्यांच्या मागोमाग कडुबा काठी टेकत आले. म्हातारा कुणावर आवाज चढवत नसे, पण या घरघराटात त्यांना चढवावा लागला. "भूषण, जनरेटर कुठं ठिवायचा असतो रं? इसरला का?"

तो कसा विसरेल? अकरावी-बारावीची दोन वर्षं तो बाबांच्या बँडबरोबर हिंडला होता. त्याच्याकडं लाइटच्या गाडीचा जनरेटर असायचा. जनरेटर वाजवणाऱ्यांच्या मागं साठ फुटांवर पाहिजे हा कडुबांचा कायदा होता. मिरवणूक कितीही रेटली, गल्ली कितीही अरुंद असली, तरी साठ फूट. नाहीतर क्लॅरिनेटला ट्रंपेट ऐकू येत नाही आणि मग तो बँड राहत नाही, नुसता गोंगाट होतो. नवरदेवाकडच्यांनी गाडी पुढं घ्या म्हणून दंडाला धरलं तरी कडुबा ऐकायचे नाहीत.

तोवर करुणा उठली होती. तिनं चेलो कुशीवर आडवा ठेवला आणि खुर्च्यांच्या मधून सरळ स्विचबोर्डापाशी आली. अख्खा हॉल मागं वळून बघायला लागला.

"पप्पा, बंद करा."

"माणसं उठतील, करुणा. आता सगळी बसलीयेत. तुझंच नुकसान होईल."

"बसलेल्या माणसांचं मी काय करू, ऐकूच जात नसेल तर?" ती म्हणाली. "उठले तर उठू द्या. सोमवारी मी जाईन कचेरीत, शब्द दिलाय. पण आज मला एकदा ऐका. तुम्ही मला अजून ऐकलेलं नाही."

तिला बोर्डाला हात लावू द्यायचा नव्हता त्याला. बोर्डावर सहा बटणं होती, त्यानं स्वतःच एकामागून एक दाबली. शेवटचा पंखा गरगरत थांबला तशी हॉलमधे अशी शांतता झाली की लोकांना आपापलं बोलणं ऐकू यायला लागलं आणि ते लाजून गप्प झाले. मागच्या बाजूच्या कुणाच्या घरात कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. रस्त्यावरून रिक्षा गेली. कडुबांनी एक रिकामी खुर्ची उचलली, कुणाची मदत न घेता ओढत पुढं नेली आणि वाजवणाऱ्यांच्या पुढ्यात, हात लांब केला तर चेलोला लागेल एवढ्या अंतरावर टेकली.

उकाडा पाय न वाजवता आला. दुसरा भाग सुरू व्हायच्या आधीच लोकांनी कार्यक्रमाच्या पत्रिकांचे पंखे केले. बुद्धभूषण मोजायला लागला. दोन बाया लेकरं घेऊन उठल्या, एकाहत्तर झाले, लेकरं धरली तर आणखी कमी. ऑफिसातले दोघं फोन कानाला लावून गेले, एक जण तर फोन न लावताच गेला. त्यांच्यामागं गल्लीतले तिघं. पासष्ट. भामाअक्का उठली. ती गेली तर तिच्यामागं सगळी एक रांग जाणार, हे त्याला माहीत होतं. अक्कानं पदरानं मान पुसली, इकडं तिकडं बघितलं, मागची मोठी खिडकी सताड उघडली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. तात्यासाहेब तिच्याकडं बघतच राहिले. तिनं त्यांना हातानंच गप बसायची खूण केली. एकसष्ट. अजून चार जण जिन्याकडं निघाले होते. अठ्ठावन्न, सत्तावन्न.

तेवढ्यात सायलीनं श्वास घेतला.

तो श्वास त्याला ऐकू आला, हीच पहिली गोष्ट. सगळ्यात मागं उभ्या माणसाला त्या एवढ्याशा पोरीचा श्वास ऐकू आला, आणि त्या श्वासाबरोबर चारी कमानी एकदम, एक केसभर पुढं ना मागं, तारांना लागल्या. कुणी पुढं उभं राहून काठी हलवली नाही, कुणी एक-दोन-तीन म्हटलं नाही. संथ होता तो भाग. सुरुवातीला व्हायोलिन गात होतं आणि बाकीचे तिघं त्याच्याखाली हात धरल्यासारखे चालत होते. मग दुसऱ्या व्हायोलिननं तेच म्हटलं, जरा वेगळं, जसं घरातलं एक माणूस सांगतं आणि दुसरं त्यात दुरुस्ती करतं. मग व्हायोलाचा तो घोगरा आवाज. दिपालीचा चष्मा घामानं नाकावरून खाली सरकत होता, तो वर करायला तिला हात मोकळा नव्हता, तशीच ती डोळे बारीक करून वाजवत होती. सत्यमच्या हनुवटीवरून घामाचे थेंब सरळ लाकडावर पडत होते. शनिवारी ज्या जागेवर चाळीस मिनिटं अडली होती ती जागा आली. बुद्धभूषणनं ती ओळखली. चौघांनी एकदम आवाज सोडला आणि तो सोडलेला आवाज हॉलमधे क्षणभर तसाच राहिला. कुणी खोकलंसुद्धा नाही.

छप्पन्न, तो मनात म्हणाला. पंचावन्न.

मग करुणाचा चेलो आला.

इतका वेळ ती खाली राहून सगळ्यांना तोलत होती. आता बाकीचे तिघं हळू झाले आणि गाणं तिच्याकडं आलं. ती मान खाली घालून वाजवत होती, कागदाकडं बघतही नव्हती. तो आवाज कानाच्या आधी छातीला लागत होता. पुरुषाचा म्हणावा तर पुरुषाचा नाही, बाईचा म्हणावा तर बाईचा नाही, कुणीतरी थकून भागून घरी आलेलं माणूस दारात बसून आपल्याशीच बोलतंय असा. त्यात तक्रार नव्हती. बुद्धभूषणचा हात बोर्डावर होता तो तिथंच राहिला. ही आपली पोरगी आहे, हिला आपण सायकल शिकवली, हिच्या दहावीच्या गुणांवरून आपण आठ दिवस बोललो नव्हतो, आणि हिच्या आत हे होतं. त्याला अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाच्या मागोमाग अशी लाज वाटली की त्यानं भिंतीला पाठ टेकली.

कारण त्याला तेव्हा एक गोष्ट कळली. पस्तीस वर्षं तो सांगत आला होता की बँडवाल्याचं कोणी ऐकत नसतं. पण तो स्वतः होता कुठं? साठ फूट मागं, जनरेटरच्या धडधडीत. बाबांचे फुगलेले गाल त्याला दिसायचे, क्लॅरिनेटवर पळणारी बोटं दिसायची. लोक का थांबतात, वरातीतली एखादी म्हातारी डोळे का पुसते, हे त्याला कधी कळलं नाही. आपल्या बापाला त्यानं एकदाही ऐकलं नव्हतं. आणि आता दात गेलेला तो म्हातारा नातीच्या पुढ्यात बसला होता, डोळे मिटून, आणि त्याच्या उजव्या हाताची बोटं काठीच्या मुठीवर हळूहळू हलत होती. करुणा जे वाजवत होती ते तो बोटांनी वाजवत होता.

बुद्धभूषण रडला. सरळ सांगायचं तर रडला. रत्नमाला कधी येऊन शेजारी उभी राहिली ते त्याला समजलं नाही. तिनं आपल्या पदराचं टोक त्याच्या हातात दिलं आणि पुढं बघत राहिली.

तिसरा भाग नाचरा होता. त्यात व्हायोलिनं एकमेकांची खोडी काढत होती, एकानं धावायचं, दुसऱ्यानं पकडायचं, आणि मधेच चेलो दोघांनाही दम भरत होता. खिडकीजवळून भामाअक्काचं हसू ऐकू आलं. कुणी टाळी वाजवायला गेलं, कुणीतरी त्याला शूऽ केलं. ते शूऽ तात्यासाहेबांचं होतं असं रत्नमाला नंतर शपथेवर सांगायची. चौथा भाग सुरू झाला तेव्हा चौघांचे कपडे अंगाला चिकटले होते, सायलीच्या कपाळावरची टिकली खाली घसरली होती, आणि वेग असा की एकाचं बोट चुकलं असतं तर चौघं जाऊन खड्ड्यात पडली असती. पण ती एकमेकांना सोडतच नव्हती. एकानं नुसती भुवई वर केली की तिघांना कळत होतं. एवढी एकमेकांकडं बघणारी माणसं बुद्धभूषणनं कुठल्या ऑफिसात, कुठल्या लग्नात, खरं म्हणजे स्वतःच्या घरातही बघितली नव्हती. शेवटच्या चार सुरांना चारी कमानी वर गेल्या आणि वरच थांबल्या.

मग टाळ्या झाल्या. मांडवातल्या नव्हेत. लोक उभे राहिले, खुर्च्या सरकल्या, दोन पडल्या. जिन्यात गेलेल्यांतले काही जण पायऱ्यांवरच थांबून ऐकत होते, ते आत आले. खालच्या वाचनालयातले वाचक, रस्त्यावरचा पाणीपुरीवाला, कोण कोण दारात गोळा झालं होतं. बाया करुणाला घेरून तिच्या तोंडावरून हात फिरवत होत्या. दिपालीच्या वडलांनी, त्रिंबकरावांनी, लेकीचा चष्मा आपल्या धोतरानं पुसून परत तिच्या नाकावर बसवला. कडुबा खुर्चीतच होते. करुणा त्यांच्या पायाशी वाकली तेव्हा त्यांनी तिचा डावा हात धरला, तारांनी वळ पडलेली बोटं उलटी करून बघितली आणि म्हणाले, "लई दूरवरून आणलंस, माय." एवढंच.

तात्यासाहेब गर्दीतून वाट काढत मागं आले. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता, तरी बोलणं शिस्तीचं होतं. ठरलेलं ते ठरलेलं. तिला सोमवारचं सांगायला पाहिजे, आत्ताच, तिच्यासमोर. त्यांनी करुणाला हातानं बोलावून घेतलं. ती आली, कमान अजून हातातच होती, आणि वडलांपुढं उभी राहिली. तिचे डोळे त्याच्या तोंडावर होते. निकाल ऐकायला उभं राहावं तशी ती उभी होती.

"किती राहिले शेवटपर्यंत?" तात्यासाहेबांनी विचारलं. "निम्मे होते का नव्हते?"

बुद्धभूषणनं हॉलकडं बघितलं. आत-बाहेर सगळं एक झालं होतं, आता मोजून काही उपयोग नव्हता. पंचावन्नच्या पुढचा आकडा त्याला आठवेना.

"मोजायचं राहून गेलं, दाजी," तो म्हणाला. "मी ऐकत होतो."